माकडांच्या वाटणीचं दूध

“बंदर मलाई वाला पिएँगे, और हमारे बच्चे पाउडर का,” दुधाच्या बूथवर लतिकाच्या मानेमागे कोणीतरी पुटपुटलं. इतक्या जवळून, की त्या बाईच्या तोंडातल्या बडीशेपेचा वास आला.

लतिकानं वळून पाहिलं नाही. लखनौच्या आलमबागेतल्या त्या बूथवर रोज सकाळी न्यासाची जीप यायची, ड्रायव्हर रांगेला वळसा घालून थेट खिडकीशी जायचा आणि दोन कॅन भरून घेऊन निघून जायचा. ते दूध माकडं पितात हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. पिशवी घेऊन रांगेत उभी राहणारी ही मराठी बाई त्या माकडवाल्या डॉक्टरची बायको, हेही माहीत होतं. म्हणजे बोलणं तिच्याच पाठीवर टाकलं होतं. फक्त बोलणारीला एक ठाऊक नव्हतं. माकडांना दूध पाजायची अक्कल डॉक्टरची नव्हती, ती याच पाठीच्या मालकिणीची होती.

डॉक्टर म्हणजे श्रीपाद सबनीस. सुई टोचणारे नव्हेत, औषधं शोधणारे. कानपूर रोडवर एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात एका शेटजींच्या न्यासानं प्रयोगशाळा काढली होती. शेटजींचा तरुण मुलगा मलेरियानं गेला, म्हणून मलेरियाचं नवं औषध शोधायचं हा तिचा एकमेव उद्देश. श्रीपाद तिथले मुख्य. नदीकाठच्या मोठ्या सरकारी संस्थेत त्यांची कधीकाळी निवड झाली नव्हती. ती गोष्ट घरात काढायची नाही असा दंडक होता. पण ती गोष्ट रोज जेवायला घरातच असायची. आमटी खारट झाली की, “तिकडच्या कॅन्टीनला बरी मिळत असेल,” असं म्हणत श्रीपाद वाटी पुढे सरकवायचे.

एकामागून एक चाळीस रसायनं त्यांनी करून पाहिली आणि चाळीसही फुकट गेली. एकेचाळिसावं उंदरांत बरं दिसलं, तेव्हा माकडं आणली. माकडांना आधी मलेरिया द्यायचा, मग औषध. हा जंतू माकडाच्या अंगात गेला की दर दिवसाला ताप चढतो आणि औषध नसेल तर माकड हमखास मरतं. ज्यांना औषध द्यायचं नाही ती मरायलाच आणलेली असतात. त्यांच्या मरण्यावरूनच बाकीच्यांच्या जगण्याला किंमत येते. हे लतिकाला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी समजलं होतं, आणि त्यावर बोलायचं नाही हे तिसऱ्या.

पण एकेचाळीस नंबर इतका कडू होता की माकडं तो देणाऱ्याच्या अंगावर थुंकायची. नळीनं पोटात सोडायचं तर चौघांनी धरावं लागायचं, तेही दिवसातून चार वेळा. त्या झटापटीत दोन माकडं गुदमरून गेली.

“हरामखोर आहेत,” श्रीपाद जेवताना म्हणाले. “जगवायला निघालोय, तर तोंडावर थुंकतात.”

“अहो, आपली अनन्या लहानपणी कडू औषध कशी घ्यायची?” लतिका मटार सोलत म्हणाली. “दुधात साखर घालून, वर वेलदोडा. माकडांचं काय वेगळं असणार?”

श्रीपादांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या खुर्चीनं तोंड उघडावं. मग त्यांनी ताट बाजूला सारलं.

पहिल्या दिवशी तीच गेली. दूध आटवून, साखर घालून, स्टीलच्या पेल्यात. मराठी घरातून औषध देण्याची जी रीत चालत आली होती, ती तिनं बर्फाच्या कारखान्यात नेली. डाव्या कानाला चीर असलेली एक म्हातारी माकडीण होती. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला, तळापर्यंत चाटला, आणि मग जाळीतून लतिकाचं बोट धरून ठेवलं. सोडेचना. लतिकाला घरी परतताना रिक्षात सारखं त्या बोटाकडे पाहावंसं वाटत होतं.

मग काय झालं ते न्यासातला पिंजरे धुणारासुद्धा सांगायचा. दूध पिणारी सगळी माकडं जगली. शेजारच्या पिंजऱ्यांतली, चणे आणि शिळी डबलरोटी खाणारी, सगळी मेली. शेटजींनी पेढे वाटले. सगळ्यांसमोर हात जोडून ते लतिकाला म्हणाले, “भाभीजी, आधा इनाम आपका.” खूप हशा झाला. शेटजी चुकून केवढं खरं बोलून गेले ते तेव्हा हसणाऱ्यांतल्या एकालाही कळलं नाही. अर्धा नव्हे, इनाम सगळाच दुधाचा होता.

ते कळलं शरदला. शरद खानोलकर श्रीपादांच्या हाताखालचा, मानक नगरात रेल्वेवाल्या भावाकडे राहणारा, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकानं पुसत बोलणारा. बाहेर पाठवायच्या आधी प्रयोग पुन्हा एकदा, नीट नळीनं करून बघू, असं त्यानं सुचवलं. केला. औषध मिळालेली आणि न मिळालेली, दोन्हीकडची माकडं सारखीच मेली. कानाला चीर असलेली म्हातारीही त्यात होती. बरं झालेलं माकड फुकट कोण पोसतो, त्याला परत आजारी पाडतात.

“शरदचा हात म्हणजे नांगराचा फाळ,” श्रीपाद चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले. “नळी पोटात घालायची तर हा फुप्फुसात घालतो. याला हलवायाकडे ठेवा, जिलेबी सुद्धा सरळ पाडेल.”

सगळे हसले. शरदही हसला. हसणं हा तिथं नोकरीचाच भाग होता.

पण काही आठवड्यांनी तो आलमबागेच्या घरी आला, श्रीपाद कानपूरला गेलेत हे पाहून. लतिका गॅसपाशी पोळ्या लाटत होती. तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

“वहिनी, एक विचारू? तुमच्या दुधानंतर माकडं चणे खायची का?”

“कशाला खातील? चार वेळा पेला भरून दूध. पोटाला तडस लागायची त्यांच्या.”

“तेच.” त्यानं चष्मा काढला. “मलेरियाच्या जंतूला वाढायला एक द्रव्य लागतं. ते धान्यात असतं, चण्यात असतं. दुधात जवळजवळ नसतंच. नुसत्या दुधावर ठेवलं की जंतू उपाशी मरतो. चाळीस वर्षांपूर्वी इंग्रजांनी हे छापून ठेवलंय. मी आता चार माकडांना नुसतं दूध दिलं. औषधाचा कण नाही.”

लाटणं थांबलं. “आणि?”

“चारही उड्या मारतायत.”

तव्यावरची पोळी करपली तेव्हा लतिकाला भान आलं. तिनं ती उचलून बाजूला टाकली.

“सरांना सांगितलंस?”

“तुम्ही सांगा. तुम्ही घरच्या.”

“आणि तू हाताखालचा. म्हणजे दोघांचीही मान एकाच सुरीखाली.” ती जरा हसली. “शहाणा आहेस. हलवायाकडे तू जायचं नाहीस, मला पाठवतोयस.”

“वहिनी, मला दोन बहिणी उजवायच्यात.”

लतिकानं पुढची पोळी लाटायला घेतली. तिनं त्याला दोन गरम पोळ्या आणि गूळतूप वाढलं, त्यानं ते मान खाली घालून खाल्लं, आणि दोघांनीही कोणाला काही सांगितलं नाही.

तरी ते पसरलंच. नुसत्या दुधावरची माकडं जगताना पिंजरे धुणाऱ्यानं पाहिली होती, त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं भांडारातल्या बाबूला. थोड्याच दिवसांत न्यासात असा माणूस उरला नाही ज्याला एकेचाळीस नंबरात काही दम नाही हे ठाऊक नव्हतं. आणि असाही उरला नाही ज्यानं ते मोठ्यानं म्हटलं. औषध खोटं म्हटलं तर न्यास बंद, न्यास बंद तर चूल बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर चाळीस जणांनी मिळून झाकली होती. फक्त सबनीस साहेबांना बिचाऱ्यांना माहीत नाही, असं सगळे एकमेकांना डोळ्यांनी सांगायचे.

लतिकाचं गप्प राहणं मात्र चुलीसाठी नव्हतं. चाळीस वेळा हरलेला तो माणूस एकेचाळिसाव्या वेळी अंघोळ करताना गुणगुणायला लागला होता. इतक्या वर्षांत तिनं त्यांचा गाण्याचा आवाज ऐकलाच नव्हता. भसाडा होता. मोरीच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन ती उभी राहायची आणि उद्या सांगू म्हणायची.

त्या उद्याच्या आधी सुई आली.

पाऊस संपून शरद ऋतूचं ऊन तापायला लागलं होतं. एका माकडाचं रक्त काढताना ते उसळलं आणि रक्तानं भरलेली सुई श्रीपादांच्या तळहातात खोल गेली. माकडाचा हा मलेरिया माणसाला सहसा होत नाही. पण रक्त थेट रक्तात गेलं तर होतो, आणि झाला तर दयामाया दाखवत नाही. आठवड्याभरानं त्यांना हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर रोज.

आलमबागेतले सक्सेना डॉक्टर आले, क्लोरोक्विन लिहून द्यायला पेन उघडलं.

“जरूरत नहीं,” श्रीपाद दात वाजवत म्हणाले. “मेरे पास अपनी दवा है।”

“साहब, पर वह तो अभी...”

“पहला आदमी मैं ही सही।”

सक्सेनांनी पेन बंद केलं. बाहेर पडताना लतिकाला म्हणाले, “भाभीजी, साहब खुद डॉक्टर हैं, मैं क्या कहूँ।” श्रीपादांचं डॉक्टर असणं ज्याला त्याला असं फार सोयीचं पडत होतं.

एकेचाळीस नंबरची पूड, दुधात साखर घालून, दिवसातून चार वेळा. पाजायला लतिकाच. ती मऊ खिचडी करून न्यायची तर ते तोंड फिरवायचे. “नको. नुसतं दूध दे. दुसरं काही देऊ नकोस.” ताप आहे, अन्नावर वासना नाही, असं तिला वाटलं. तिच्या भावानं पाठवलेली संत्रीसुद्धा त्यांनी परत लोटली.

माकडांना तारणारं दूध माणसाला मात्र पुरेना, ताप हटेना. डोळ्यांत पिवळेपणा आला, लघवी काळपट झाली. न्यासातले लोक रांगेनं भेटायला यायचे, बिस्किटाचे पुडे घेऊन. पलंगापाशी उभे राहून म्हणायचे, “सर, एकेचाळीस लिया है ना, फिर चिंता किस बात की?” आणि अंगणात येऊन चपला घालताना एकमेकांना हळूच विचारायचे, की साहेबांच्या नंतर मुख्य कोण. लतिका खिडकीतून ऐकायची. त्यांना चहा द्यायला ती चुकली नाही. साखर मात्र तिनं त्या दिवसांत कोणाच्याच कपात घातली नाही. एवढीच काय ती तिची सूडबुद्धी.

शरद आला तो पलंगापाशी गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं खिशातून एक पुडी काढली.

“क्विनीन. सक्सेनांनी मात्रा सांगितली, पण माझं नाव घेऊ नका म्हणाले.”

“सगळ्यांचीच नावं फार नाजूक झालीत,” लतिका म्हणाली आणि पुडी घेतली.

“दिवसातून तीनदा द्यायचं असतं हे. सर चार वेळा घेतायत, तर चौथ्या वेळी त्यांची पूडच द्या. आणि वहिनी, यानं कान वाजतात, ऐकू कमी येतं. सरांच्या लक्षात येईल.”

“येऊ दे. जिवंत माणसाच्याच लक्षात येतं.”

गोळ्या तिनं खलबत्त्यात कुटल्या. अनन्या कॉलेजातून येऊन पाठीशी उभी राहिली ते तिला कळलं नाही. घरात मराठी कितीही बोललं तरी अनन्याचं उत्तर हिंदीतच यायचं.

“मम्मी, यह क्या कूट रही हो?”

“साखर.”

अनन्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. “पापा को पता चलेगा तो?”

“कडू ते कडूच. कसं कळणार?”

“और ठीक हो गए तो समझेंगे उनकी दवा से हुए।”

“आधी ठीक होऊ दे.”

“ठीक है। लाओ, मैं दूध गरम करती हूँ।”

सकाळच्या आणि दुपारच्या पेल्यातून क्विनीन गेलं. संध्याकाळी लतिका आत गेली तेव्हा श्रीपादांनी मनगटावरचं घड्याळ काढून कानाला लावलं होतं. आधी एका कानाला, मग दुसऱ्या. तिला पाहून त्यांनी ते उशाशी ठेवलं. तिनं पुढे केलेला पेला घेतला, एक घोट तोंडात घोळवला, तिच्याकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत राहिली. त्यांनी पेला संपवला.

“चारदा नको आता,” ते म्हणाले. “तीनदा पुरे. आणि खिचडी कर. वर लिंबाचं लोणचं दे.”

तिनं उशाशी ठेवलेल्या घड्याळाकडे पाहिलं. पण माणूस खायला मागत होता. खायला मागणाऱ्या नवऱ्यापुढे बायकोची शंका फार टिकत नाही. तिनं खिचडी टाकली.

ताप उतरला. आठवडा उलटला तसे ते उठून बसले, मग अंगणात चालायला लागले. न्यासाच्या जीपमधून शेटजी हार घेऊन आले. श्रीपादांनी हार घालून घेतला आणि खुर्चीत ताठ बसून म्हणाले, “माझ्यावरच केलं. आता कोणी विचारायचं नाही चालतं का म्हणून.” शेटजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा आठवला असेल. दारात उभे असलेले न्यासाचे लोक टाळ्या वाजवत होते. शरदही वाजवत होता. त्याची आणि लतिकाची नजरानजर झाली तेव्हा दोघांनीही एकदमच ती काढून घेतली. जीव वाचवायला केलेल्या लबाडीनं त्या औषधाला आता पाय फुटले होते.

“अब माणसांवरचे आणखी आकडे चाहिए, डॉक्टर साहब,” शेटजी मराठी-हिंदीची खिचडी करत म्हणाले.

“मिळतील,” श्रीपाद म्हणाले.

ते कुठून मिळवायचे ते त्यांनी ठरवलं होतं, हे लतिकाला दिवाळीनंतर इंद्रजितच्या बदलीच्या वेळी कळलं.

इंद्रजित तिचा धाकटा भाऊ, साताऱ्याचा, फौजेत मेजर. दोन वर्षं लखनौच्या छावणीत होता, रविवारी जेवायला यायचा, आणि या घरात मोठ्यानं हसणारा तो एकटाच. त्याची बदली आसामच्या बाजूला झाली, जंगलात. तिकडचा मलेरिया असा, की नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. दुपारची गाडी चारबाग स्टेशनवरून होती. निघण्याआधी तो जेवायला आला. लतिकानं पुरण घातलं होतं. शरदलाही श्रीपादांनी मुद्दाम बोलावलं होतं, आणि येताना बाटली आणायला सांगितलं होतं.

बाटली टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी ठेवली होती. मोठी, तपकिरी काचेची.

इंद्रजित हात धुवायला आत आला तेव्हा लतिकानं त्याला मोरीपाशी गाठलं.

“इंद्रा, फौजेत देतात त्या गोळ्या सोडायच्या नाहीत. कळलं?”

“ताई, मला त्यांनी अंगभर खाज सुटते. परेडला उभा राहून खाजवू का? वरून तिकडे त्या चालतही नाहीत. दाजींचं आहे की आता.”

“असू दे. तू तुझ्या गोळ्या घे.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

तो हसला, तिच्या पदराला ओले हात पुसले, लहानपणापासूनची खोड. “तूच वाटीवाटीनं पाजत होतीस ना त्यांना? यमाच्या दारातून परत आले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता तूच घाबरतेस?”

सांगायचं तर तिथंच, मोरीपाशी सांगता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तेवढ्यात बाहेर श्रीपादांचं खुर्ची ओढणं ऐकू आलं, आणि नवऱ्याचा अख्खा जन्म भावाच्या कानात हळूच सांगून मोडून टाकायला तिची जीभ वळेना. ती म्हणाली, “चल, पुरणपोळी निवतेय.”

ताटं वाढली. श्रीपादांनी बाटली उचलून इंद्रजितच्या ताटाशी ठेवली.

“हे तुझ्या एकट्याचं नाही. तुझ्या कंपनीत किती जवान?”

“शंभरच्या वर, दाजी.”

“अर्ध्यांना हे दे. अर्ध्यांना त्यांच्या गोळ्या चालू दे. कोण पडला, कोण उठला, मला कळव. एवढं कर.”

इंद्रजितनं बाटली उजेडात धरून पाहिली. “वरच्यांना विचारावं लागेल.”

“विचारशील तर नाही म्हणतील. बायकोचा भाऊ कशाला आहेस मग?” श्रीपाद हसले. “मी माझ्या अंगावर घेतलं ना? सांग रे शरद, किती माकडं जगली ते.”

शरदचा घास हातातच राहिला. “सर... दुधातली सगळी.”

“ऐकलंस? सगळी. हा काही माझा माणूस नाही हं, माझ्यावर जळतो. तोही सांगतोय.”

अनन्या तुपाची वाटी घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं. शरदनं आईकडे पाहिलं. लतिका सगळ्यांच्या ताटांकडे बघत होती. कोणाला तरी बोलावं लागणार होतं, आणि टेबलाभोवतीचा प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता. बुडत्या माणसाकडे काठावरची गर्दी बघते तशी.

“ठीक आहे,” इंद्रजित म्हणाला. “दाजींचा शब्द. मी स्वतः तर आजपासूनच सुरू करतो. फौजेच्या गोळ्या त्या चारबागच्या कचऱ्यात.” त्यानं बाटली उचलून आपल्या हिरव्या पिशवीत ठेवली आणि पट्टा आवळला.

“आणि ऐक,” श्रीपाद पोळीवर तूप ओतत म्हणाले, अगदी सहज, लोणचं मागावं तसं. “घेशील ते दुधातून घे. तुमच्याकडे पावडरचे डबे असतात ना? पोटभर दूध पी. चणे, डाळी, रोटी असलं त्या दिवसांत कमी कर. नुसतं दूध सर्वात उत्तम.”

लतिकाच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते पोळीचा तुकडा मोडत होते. चण्याचं आणि धान्याचं शरद फक्त तिच्याशी बोलला होता. आजारपणात नुसतं दूध मागणारे तेच, आणि क्विनीन पोटात गेल्याबरोबर खिचडी मागणारेही तेच. इतके दिवस ती ज्या माणसाचं मन जपत होती, सगळा न्यास ज्या बिचाऱ्याला काही कळू नये म्हणून जपत होता, तो माणूस या टेबलाशी कधी बसलाच नव्हता.

“इंद्रा, ती बाटली इकडे दे,” ती म्हणाली.

“ताई?”

“पिशवी उघड आणि बाटली दे.”

“आता काय झालं?” श्रीपाद म्हणाले. “पुरण खाली लागलं का?”

इंद्रजित हसायला गेला आणि बहिणीचा चेहरा पाहून थांबला. त्यानं पट्टा सोडला. लतिकानं बाटली घेतली आणि आपल्या मागे, ओट्यावर ठेवली. तिचा आवाज चढला नाही. दुधाचा हिशेब सांगावा तसा तो होता.

“याच्यात काही नाही, इंद्रा. माकडं दुधानं जगली. मीच दूध सुचवलं होतं, त्याच्यामुळे हे सगळं झालं. आणि यांना बरं केलं ते क्विनीननं. मी कुटून घातलं. शरदनं आणून दिलं, अनन्यानं दूध तापवलं.”

शरदनं डोळे मिटून घेतले. अनन्यानं तुपाची वाटी टेबलावर ठेवली, आवाज न करता.

“लतिका,” श्रीपाद म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू होतं, आमटीची वाटी सरकवतानाचं. “तू बूथवरून दूध आण. औषधातलं तुला काय कळतं? आणि हे आम्हाला आत्ता सांगतेस? मला बिचाऱ्याला इतके दिवस अंधारात ठेवलंस?”

“नाही,” लतिका म्हणाली. “अंधारात आम्ही होतो. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. आणि माहीत असताना तुम्ही ती बाटली माझ्या भावाच्या हातात दिलीत.”